दिवेवालीची लेक

पाळणाघराच्या बाईंनी लसीकरणाची वही उघडलीसुद्धा नाही. वरचा पिवळा कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि गार झालेल्या चहाची कपबशी सारावी तशी ती वही दोन बोटांनी टेबलावरून परत सारली.

"जागा आहे म्हणाला होतात," दिवेवाली म्हणाली.

"होती. अजून आहे. पण हे असलं काही असेल तर नाही जमायचं हो मला. उद्या इथे काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"ते मी कसं सांगू? तुमच्याच वहीवर लिहिलंय."

वहीवर लिहिलं होतं: 'जनुकीय तपासणी. जोखीम आढळली. हृदय.' लाल शाई, गोल शिक्का, दोन पिना. ज्या पोरीची ती वही, ती चार महिन्यांची पोर या घटकेला आईच्या खांद्यावर लाळ गाळत होती आणि भिंतीवर रंगवलेल्या हत्तीकडे बघून हसत होती.

"तिला काही झालेलं नाही. होईलच असंही कोणी म्हणत नाही."

"मग लिहिलंय कशाला?" बाई म्हणाल्या.

दिवेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला होता, जो ती स्वतः अडीच महिने भिंतींना विचारत होती.

एक तारखेला तिची सुट्टी संपत होती. पोरीला इथे जागा मिळाली नाही तर कामावर जाणं संपलं; एकट्या सासूवर पोर सोडायची तिची तयारी नव्हती. तिच्या दिव्यापाशी दुसरी बाई बसायला तयारच होती. ते एक वेळ तिने गिळलं असतं. पण जागा नाही मिळाली तर आई घरी असली तरी पोर दिवसभर आजीच्याच हातात राहणार, आणि आजी तिला धड रांगूसुद्धा देणार नाही, हे तिला अंगठ्याच्या नखाइतकं स्पष्ट दिसत होतं.

दिवेवाली हे काही तिचं नाव नव्हे. अंडी उबवायच्या केंद्रात ज्या बाया अंधाऱ्या खोलीत बसून एकेक अंडं दिव्यावर धरतात आणि आत जीव धरलाय की नाही ते बघतात, त्यांना सगळे दिवेवाल्याच म्हणतात. ती बारा वर्षं त्या खोलीत बसत होती. खोलीला खिडकी नाही. टेबलाला भोक, भोकाखाली दिवा. अंडं भोकावर टेकवायचं, बोटांनी हलकेच फिरवायचं. पाचव्या दिवशी जीव धरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, कोळ्याने विणल्यासारखं. जीव धरला नसेल तर आत नुसता स्वच्छ उजेड. आणि या दोन्हींच्या मध्ये असतात ती संशयाची. ढगाळ. ना जाळं, ना उजेड.

कामावर लागली त्या पहिल्याच महिन्यात तिने घाई केली होती. जेवायची सुट्टी व्हायची होती, पाठ मोडली होती, आणि तिने संशयाची तीस अंडी सरळ बाद करायच्या बादलीत टाकली. मुकादमबाईंनी स्टीलची ताटली आणली, बादलीतली दहा अंडी उचलली आणि तिच्यासमोर दिव्याखाली एकेक फोडली.

सहा अंड्यांत प्रत्येकी एक लाल ठिपका होता. मोहरीएवढा. तो उडत होता.

"मोज," मुकादमबाई म्हणाल्या.

तिने मोजले. मोजेपर्यंत पहिल्या दोघांचं उडणं थांबलं.

"तुला काय दिसलं, ते तारीख घालून लिही. तुला काय वाटतं, ते घरी जाऊन नवऱ्याला सांग. या खोलीत वाटण्याला जागा नाही."

तेव्हापासून संशयाच्या अंड्यावर ती पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि अंडं परत त्याच ट्रेमध्ये ठेवायची. तीच ऊब, तेच फिरवणं. दहाव्या दिवशी पुन्हा बघायचं. खूण असलेल्या अंड्याला कुणी ऊब कमी देत नाही. ही त्या खोलीची रीत, आणि बारा वर्षांत ती तिच्या हाडात मुरली होती. देवाने बाईच्या पोटाला खिडकी ठेवली नाही, हे ती मुकादमबाईंच्या ताटलीपासून फार मानायची. ज्याला घडवायचं त्याला तो अंधारात घडवतो, एवढी तिची श्रद्धा. रोज कामाला बसताना दिवा लावायच्या आधी ती क्षणभर डोळे मिटायची. काही मागायची नाही, फक्त मिटायची.

पोर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी नर्स टाचेतून रक्ताचे चार थेंब घ्यायला आली. ते सगळ्याच बाळांचं घेतात. नर्सने बापाला विचारलं, "याच रक्तात अजून काही मोठ्या तपासण्या होतात. नवीन योजना आहे, पैसे पडत नाहीत. करायच्या का? इथे सही."

बाप बसच्या आगारात मेकॅनिक. स्वभावाने गरीब, पण फुकट हा शब्द कानावर पडला की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. त्याने सही केली.

दीड महिन्याने फोन आला. दिवेवाली लंगोट वाळत घालत होती. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, घाबरू नका. बाळाच्या रक्तात एक बदल सापडलाय. त्याच्यामुळे पुढे हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो. दहाव्या वर्षी, तिसाव्या, साठाव्या, किंवा कधीच नाही. घाबरू नका. अजून काही विचारायचंय का?

तिने ओला लंगोट तसाच खांद्यावर टाकला आणि आत जाऊन नवऱ्यापुढे उभी राहिली.

"कसली सही केलीत तुम्ही?"

"कधी?"

"दवाखान्यात. पोरीच्या टाचेचं रक्त घेतलं तेव्हा."

"हां, ती होय. फुकट होतं ते."

"मला का नाही विचारलंत? मी काय मेले होते?"

"झोपली होतीस," तो म्हणाला. "दोन दिवसांनी डोळा लागला होता तुझा. उठवणं जिवावर आलं."

एवढं बोलून त्याने तोंड दुसरीकडे केलं. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तरी ती रागावली. आठ दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. ज्याने दयेपोटी झोपू दिलं, त्याने दयेपोटीच तिची झोप कायमची उडवली होती.

मग घराची तऱ्हाच बदलली. सासू एरवी खमकी बाई. दोन पोरं मारून-मुटकून वाढवलेली. फोनचं कळल्यापासून तिने पोरीला रडू देणंच बंद केलं. पोरीने नुसता ओठ काढला की आजी तिला उचलायची. "रडलं की हृदयावर ताण येतो," असं कुणी तरी तिला सांगितलं होतं, आणि कोणी सांगितलं हे काही ती सांगायला तयार नव्हती. नवऱ्याने आगारातून ग्रीसचा डबा आणला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावलं. पुढच्या दाराच्या चौकटीला रबराची पट्टी ठोकली, म्हणजे दार आपटलं तरी आवाज व्हायला नको. घर कसं अगदी आजारी माणसाच्या खोलीसारखं झालं. आणि आजारी कोणीच नव्हतं.

दिवेवाली या दोघांवर दात-ओठ खायची. पण तिची स्वतःची गोष्ट तर कुणाला सांगण्यासारखीही नव्हती.

एके दुपारी ती पोरीला घेऊन न्हाणीघरात शिरली, दार लावलं, दिवा बंद केला आणि टॉर्च लावून पोरीचा तळहात त्यावर धरला. मग पाऊल. मग कानाची पाळी. बोटं आपोआप फिरत होती, अंडं फिरवावं तशी. हात लाल दिसत होता, आणि पोरीला हा खेळ फार आवडला होता.

दार वाजलं. "आत काय करतेस इतका वेळ?"

तिने दार उघडलं. टॉर्च हातात, पोर काखेत. सासूने टॉर्चकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. दिवेवालीला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. म्हातारी आत आली, दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मला पण दाखव."

दिवेवालीने पुन्हा हात धरला.

"काय दिसतंय?"

"लाल."

"लालच असतं," सासू म्हणाली. आणि मग दोघी त्या अंधारात पाण्याच्या बादलीशेजारी उभ्या राहून हमसाहमशी रडल्या. त्या रडल्या म्हणून पोरही रडायला लागली, तशी सासूने डोळे पुसून तिला चटकन उचललं. "रडू नको गं बाई, तुला चालत नाही रडलेलं."

त्या वाक्याने दिवेवालीचं रडू तिथल्या तिथे आटलं. बारा वर्षांत जे अंड्याला केलं नाही ते ती पोटच्या पोरीला करत होती. पुन्हा पुन्हा दिव्यावर धरत होती. आणि सासू तिला ऊब देता देता गुदमरवत होती.

त्यानंतर पाळणाघराच्या बाईंनी वही परत सारली, आणि दुसऱ्याच दिवशी दिवेवाली मोठ्या दवाखान्यात जाऊन बसली. नंबर चौतीस.

बाकावर शेजारी दोन आया होत्या. एकीच्या पोराच्या वहीवरही पिवळा कागद होता, पण तिने त्यावर फुलाफुलांचं कव्हर घातलं होतं. "मी तर अहवाल फाडून टाकला," ती म्हणाली. "घरात कुणाला कळू दिलं नाही. आमच्याकडे कळलं असतं तर मला माहेरीच पाठवलं असतं."

"मग रात्री झोप लागते?" दिवेवालीने विचारलं.

"तुला लागते?"

दोघी हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं.

दुसरीच्या मांडीवर दीड वर्षांचा गुटगुटीत पोरगा बिस्किटाचा रिकामा कागद चघळत होता. दिवेवाली तावातावाने म्हणाली, "हे टाच टोचणंच बंद करायला पाहिजे. कुणी सांगितलं होतं यांना नसते उद्योग करायला?"

तशी ती दुसरी बाई म्हणाली, "असं नका हो बोलू. माझा हा त्या टोचणीमुळेच जगला. याला साधं दूध चालत नाही, त्याचं अंगात विष बनतं. सातव्या दिवशी कळलं. वेगळी पावडर देतो. याच्या आधीचा गेला, तेव्हा टोचत नव्हते."

दिवेवालीला तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस तिचा राग आंधळा धावत होता, समोर येईल त्याला शिंगावर घेत होता. आता त्याला वाट काढून चालणं भाग होतं. ती त्या पोराच्या गालांकडे बघत म्हणाली, "चुकलं माझं." आणि पुन्हा, अगदी हळू, "पण तुमच्या पोरासाठी करण्यासारखं काही तरी होतं. माझ्या पोरीसाठी नुसतं घाबरायचं आहे."

"ते मात्र खरं," ती बाई म्हणाली.

डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळं झालेलं. तिने पोरीला तपासलं, शेजारच्या खोलीत नेऊन हृदयाची सोनोग्राफी केली. पोरीने तिचा स्टेथोस्कोप धरला तो सोडेना.

"छान आहे. काहीही नाही. वर्षाने पुन्हा बघू."

"दहाव्या दिवशी बघतो तसं," दिवेवाली म्हणाली.

"काय?"

"काही नाही. वर्षाने आणते. पण मला एक सांगा डॉक्टर, हा बदल असलेल्यांतल्या किती जणांना आजार होतो?"

"आत्ताच्या माहितीप्रमाणे शंभरातल्या साधारण चाळीस जणांना."

"कुठल्या शंभरातल्या?"

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं.

"म्हणजे ही शंभर माणसं तुम्ही आणली कुठून?"

"ज्यांना आजार झाला होता ते लोक, त्यांच्या घरचे. त्यांची रक्तं तपासली तेव्हा हा बदल सापडला."

दिवेवालीने पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "डॉक्टर, मी अंड्यांच्या कामावर आहे. एकविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी आम्ही बादलीत टाकतो. त्या बादलीत तुम्ही हात घातला तर माझ्या पेन्सिलीच्या खुणेची पुष्कळ सापडतील. तुम्ही म्हणाल, खूण असली की अंडं मरतं. पण खुणेची जी फुटली, ज्यांची पिल्लं चिवचिवत गाडीत बसून गेली, ती कोणी मोजली? ती तर गेली. टरफलं राहिली, ती आम्ही झाडून टाकली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. खोलीबाहेर कोणी तरी पस्तीस नंबर पुकारत होतं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "काही न होता म्हातारी झालेली किती, ते आम्हाला नीट माहीत नाही. चाळीसचे कदाचित दहा होतील. अजून कमीसुद्धा. तुमच्या मुलीसारखी मुलं मोठी होतील तेव्हा कळेल."

"म्हणजे तुम्हाला कळावं म्हणून माझी लेक मोठी होणार."

"तसं नाही म्हणायचं मला."

"तसंच आहे. मोजा, माझी ना नाही. कुणाच्या तरी पोराच्या उपयोगी पडेल. पण मोजणी व्हायच्या आधी निकाल वहीवर कशाला डकवलात? तुम्हाला माहीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पाळणाघरवालीला कुठे माहीत आहे? तिने वाचलं 'हृदय', आणि माझ्या पोरीची जागा गेली." आवाज चढला तशी पोर दचकली, पण तिने आवाज उतरवला नाही. "तो कागद काढा."

"ते माझ्या हातात नाही. खरंच नाही. कागद वहीत असायलाच हवा, असा नियम आहे."

"मग त्याच्यावर लिहा. आज तुम्हाला काय दिसलं ते लिहा. तारीख घालून."

डॉक्टरीणबाईंनी वही ओढली आणि पिवळ्या कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: आज तपासले. हृदय निरोगी. खेळण्यावर कोणतेही बंधन नाही.

"रडण्यावर," दिवेवाली म्हणाली.

"रडण्यावर?"

"तेही लिहा. आमच्याकडे कोणी तिला रडू देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी 'खेळण्यावर' या शब्दापुढे रेघ मारून वर लिहिलं, 'व रडण्यावर'. खाली सही, तारीख, शिक्का.

बाहेर कारकुनाच्या खिडकीपाशी उभं राहून दिवेवालीने अंगठ्याच्या नखाने कागदाच्या दोन्ही पिना उचकटल्या.

"ओ ताई, ते वरच लावायचं असतं," कारकून म्हणाला.

"डॉक्टर म्हणाल्या वहीत असायला हवं. वहीतच लावतेय. वरच लावायचं हे कोणी सांगितलं?"

"वरून आलंय तसं."

"मग वरच्यांच्या पोरांच्या वह्यांवर लावा."

कारकुनाने इकडेतिकडे बघितलं. मग स्टेपलर खिडकीतून बाहेर सरकवला आणि स्वतः रजिस्टरमध्ये डोकं खुपसून बसला. तिने तो कागद शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला लावला. पिना नीट दाबल्या. खूण तर राहायलाच हवी होती. वर्षाने बघायचं होतं. पण खुणेची जागा आत.

एक तारखेला सकाळी ती पाळणाघराच्या टेबलासमोर पुन्हा उभी होती. तिने स्वतःच शेवटचं पान उघडून दिलं. लपवायचं नव्हतंच तिला काही. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"आजचं ठीक आहे हो," त्या म्हणाल्या. "पण पुढचं?"

"तुमच्याकडे किती पोरं आहेत?"

"चौदा."

"त्या चौदा जणांचं पुढचं मला लिहून दाखवा. मग माझीचं आणते."

बाईंनी प्रवेशाचा कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता, 'आजार किंवा धोका'. दिवेवालीने तारीख घातली आणि लिहिलं, निरोगी.

"धोक्याचं पण लिहा ना."

"बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

"काही नाही."

"त्यांच्या टाचा कोणी एवढ्या खोल टोचल्या नाहीत म्हणून. टोचून बघा एकदा सगळ्यांच्या. रकाना पुरायचा नाही तुम्हाला."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आत कुठे तरी एक पोर खुळखुळा आपटत होतं.

"पंधरा दिवस बघेन मी," त्या म्हणाल्या.

"मी पण तुम्हाला पंधरा दिवस बघेन," दिवेवाली म्हणाली, आणि पोरीला त्यांच्या हातात दिलं.

दार लागलं तशी पोर रडायला लागली. आधी कुरकुर, मग मोठ्याने, मग श्वास कोंडून मोठा भोंगा. असं रडणं तिने जन्माला आल्या दिवसानंतर काढलंच नव्हतं. काचेतून दिसत होतं, बाई दुसऱ्या एका पोराच्या शर्टाची बटणं लावत होत्या आणि ती पुरी लावल्याशिवाय काही उठत नव्हत्या. दिवेवालीचा हात दाराच्या कडीवर गेला. तिने डोळे मिटले, रोज दिवा लावायच्या आधी मिटायची तसे, आणि कडीवरचा हात काढून घेतला.

त्या दिवशी तिने अठराशे अंडी बघितली. त्रेपन्नांवर खूण केली. सगळी परत उबेला गेली.

संध्याकाळी पोर बाईंच्या काखेत होती. नाक लाल, आवाज बसलेला.

"रडली का फार?"

"पोटभर," बाई म्हणाल्या. "मग झोपली दोन तास. चांगला ठणठणीत आवाज आहे हो तुमच्या लेकीचा."

घरी सासूने नातीचं नाक बघितलं, बसलेला आवाज ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रडवली तिला त्या बाईने."

"रडली ती. रडू देत."

"अगं पण हृदय—"

दिवेवालीने वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि ती ओळ सासूच्या डोळ्यांसमोर धरली. सासूने ओठ हलवत वाचली. 'व रडण्यावर' या शब्दांवर बोट ठेवून पुन्हा वाचली. नवरा जिन्याशी हात पुसत उभा होता. त्याच्याकडे दिवेवालीने बघितलं नाही. त्याचा हिशोब अजून बाकी होता, आणि तो एवढ्यात मिटेल असं तिला वाटतही नव्हतं.

ती पुढच्या दाराशी गेली. चौकटीला ठोकलेल्या रबराच्या पट्टीचं टोक पकडलं आणि खिळ्यांसकट ओढून काढलं. नवरा म्हणाला, "अगं, काय करतेस?" पट्टी त्याच्या हातात देऊन तिने दार सताड उघडलं आणि बारा वर्षांच्या सवयीच्या हलक्या हातांनी नव्हे, अंगातल्या सगळ्या जोराने आपटलं.

भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आजीने छातीवर हात ठेवला. पोरीने डोळे मोठे केले, दाराकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि अजून एकदा, म्हणून हात पुढे केला.